बिऱ्हाड निघाले, मोत्याचे काय?

पिंपरी, प्रतिनिधी - शाळांचे निकाल लागले, की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील सोसायट्यांच्या दारात सामानाचे ट्रक उभे राहू लागतात. कुणाची बदली पंतनगरला झालेली असते, कुणाची साणंदला, तर कुणाला चेन्नईजवळच्या कारखान्यात नवी नोकरी मिळालेली असते. कपाटे, फ्रिज, धुलाई यंत्र यांची यादी होते, सामानाचा विमा उतरवला जातो, मुलांचे शाळेचे दाखले काढले जातात. घरातील कुत्र्याचा किंवा मांजराचा विषय मात्र अनेकदा शेवटच्या आठवड्यात निघतो. तोपर्यंत रेल्वेचे आरक्षण संपलेले असते, लसीची मुदत उलटलेली असते आणि नव्या गावातील घरमालकाला प्राणी चालतो की नाही, हे कुणी विचारलेलेच नसते. या घाईतून हजार-दीड हजार किलोमीटरचा बेत न आखलेला प्रवास तरी घडतो, नाहीतर 'इथेच कुणीतरी सांभाळेल' या भरवशावर प्राणी मागे सोडला जातो.

या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी खर्चापेक्षा वेळ अधिक लागतो. बदलीचा आदेश हाती पडल्यापासून साधारण सहा आठवडे मिळाले, तर लसीकरण, कागदपत्रे, पिंजऱ्याची सवय आणि मार्गाची आखणी एवढे सर्व निवांतपणे होऊ शकते. प्राण्याला प्रवासाची कल्पना देता येत नाही. सवय तेवढी लावता येते, आणि सवयीला दिवस लागतात.

बदल्यांचा पट्टा

पिंपरीच्या औद्योगिकीकरणाची सुरुवात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून मानली जाते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स) व बजाज यांच्यासह अनेक उद्योगांनी या भागात पाय रोवले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका झाली. पुढे जागा अपुरी पडू लागली, तसे उद्योग पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकणकडे सरकले. बजाजचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला.

याच उद्योगसमूहांचे कारखाने देशात अन्यत्रही आहेत. टाटा मोटर्सचे जमशेदपूर, लखनौ, पंतनगर, साणंद आणि धारवाड येथे. बजाजचे वाळूज व पंतनगर येथे. महिंद्राचे नाशिक, हरिद्वार आणि झहीराबाद येथे. त्यामुळे या पट्ट्यातील अभियंता, पर्यवेक्षक किंवा सुट्या भागांच्या पुरवठादाराकडील कर्मचारी यांच्या आयुष्यात बदली ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बदलीची वाट उलट दिशेनेही येते. तळेगाव येथील जनरल मोटर्सचे उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. ह्युंदाईचा मूळ कारखाना चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे आहे. अशा रीतीने तळेगाव-चाकणचे नाते थेट तमिळनाडूशी जोडले गेले.

या सर्व ठिकाणांपैकी अनेकांना जोडणारा रस्ताही एकच आहे. देहूरोड-कात्रज वळणरस्त्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ उत्तरेला सुरत, अहमदाबाद, जयपूरमार्गे दिल्लीला आणि दक्षिणेला कोल्हापूर, बेळगाव, बंगळूरमार्गे चेन्नईला जातो. चाकणहून साणंद सुमारे साडेसहाशे किलोमीटर, श्रीपेरुंबुदूर सुमारे बाराशे, तर पंतनगर दीड हजारांहून अधिक. माणसांसाठी हा एक-दोन दिवसांचा कंटाळा असतो. पिंजऱ्यातील मांजरासाठी किंवा मागच्या आसनावरील कुत्र्यासाठी तो अनोळखी वास, आवाज आणि हादरे यांचा अखंड मारा असतो.

रेल्वे, विमान की रस्ता?

रेल्वेने कुत्रा नेता येतो, परंतु त्याला अटी आहेत. वातानुकूलित प्रथम वर्ग किंवा प्रथम वर्गातील दोन वा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष कुटुंबाच्या नावे आरक्षित असेल, तर कुत्रा सोबत ठेवता येतो. त्यासाठी पार्सल कार्यालयात त्याची स्वतंत्र नोंदणी करून भाडे भरावे लागते. एरवी गार्डच्या डब्यातील श्वानपेटीचा पर्याय असतो. गाडीचा खडखडाट, उन्हाळ्यातील उकाडा आणि मालकापासून ताटातूट यांमुळे लांबच्या प्रवासासाठी तो फारसा सुखावह नाही. प्रथम वर्गाचे कक्ष मोजकेच असल्याने सुट्यांच्या हंगामात ते मिळणेही दुरापास्त असते.

विमानाची सोय अलीकडे थोडी वाढली आहे. एअर इंडियात लहान कुत्रा-मांजर प्रवासी कक्षात नेण्याची मुभा पूर्वीपासून होती. अकासा एअरने ती नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केली. तथापि पिंजऱ्यासह वजनाची मर्यादा असल्याने लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डला मालवाहू भागातूनच जावे लागते. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वसनाचा धोका असल्याने त्यांच्या बाबतीत विमान कंपन्या विशेष कडक असतात. ज्या जागेसाठी तिकीट काढायचे, तिथे तो प्राणी चालेल का, याची लेखी खात्री आधी करून घेणे इष्ट.

उरतो तो रस्ता. स्वतःची मोटार किंवा भाड्याची संपूर्ण गाडी असेल, तर कुठे थांबायचे आणि किती वेळ, हे कुटुंबाच्या हाती राहते. प्राण्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा लाभ. मात्र सामानाच्या ट्रकमध्ये किंवा 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेम्पोच्या हौद्यात, कपाटे आणि गाद्यांच्या मधोमध कुत्रा बांधून पाठवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. सामान सरकले तर तो चेंगरतो, साखळी लांब असेल तर बाहेर लोंबकळून फास बसतो आणि ताडपत्रीखालील हवा उन्हात तापत राहते.

कायदा काय सांगतो?

चाकणचा जनावरांचा बाजार जुना आणि प्रसिद्ध. गुरांच्या वाहतुकीला नियम आहेत, हे या परिसरात बहुतेकांना ठाऊक असते. त्याच नियमावलीत कुत्रा आणि मांजर यांच्यासाठीही स्वतंत्र प्रकरण आहे, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याच्या स्वास्थ्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे कर्तव्य या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने घालून दिले आहे. अकराव्या कलमानुसार प्राण्याला विनाकारण वेदना किंवा त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणे हा गुन्हा आहे. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हाही याच कलमाखालील गुन्हा होय.

या कायद्याखाली १९७८ मध्ये करण्यात आलेले प्राणी वाहतूक नियम अधिक तपशिलात जातात. प्राणी प्रवासास योग्य आहे आणि त्याच्यात रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत, असे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत असले पाहिजे. प्रसूतीजवळ आलेल्या मादीला प्रवासाला नेऊ नये. निघण्यापूर्वी किमान दोन तास आधी खाणे-पाणी द्यावे. भुकेल्या वा तहानलेल्या प्राण्याला पिंजऱ्यात घालू नये. निघण्याच्या वेळेच्या जितके जवळ शक्य तितके त्याला फिरवून आणावे. लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे. प्रौढ प्राण्याला बारा तासांतून एकदा आणि पिलांना दर चार तासांनी खाऊ घालावे. हे नियम प्रामुख्याने माल म्हणून पाठवल्या जाणाऱ्या प्राण्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असले, तरी स्वतःच्या मोटारीने निघालेल्या कुटुंबालाही ते किमान मर्यादा म्हणून उपयोगी पडतात.

कायद्याची दुसरी बाजू त्याच्या दंडाची आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड या कायद्यात आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पन्नास रुपयांच्या धाकाने कुणी कुत्रा सोडून देण्याचे थांबेल, अशी अपेक्षा करणे कठीण. म्हणूनच प्रवासाची खरी जबाबदारी कुटुंबाच्याच तयारीवर येऊन पडते.

सहा आठवड्यांची तयारी

पहिली पायरी पशुवैद्यकाची. रेबीजची लस पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी दिली जाते. पहिल्यांदाच लस दिली जात असेल, तर तिचा परिणाम दिसण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली लस कागदावर शोभते, वाटेत उपयोगी पडत नाही. कुत्र्यांना पार्व्हो, डिस्टेंपर व लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी आणि गोचीड-पिसवांवरील औषध याच भेटीत उरकावे. गोचिडांमुळे पसरणारा ताप रक्तातील पेशींवर आघात करतो. महामार्गालगतच्या गवतात, ढाब्यांच्या मागे, भटक्या कुत्र्यांच्या विसाव्याच्या जागी गोचीड सहज चिकटतात.

म्हातारा कुत्रा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर प्रवास पुढे ढकलायचा की नाही, याचा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. झोपेच्या गोळ्यांबाबत मोठा गैरसमज आहे. काही गुंगी आणणाऱ्या औषधांनी रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती कमी होते. बाहेरून शांत दिसणारा प्राणी आतून संकटात असू शकतो. उलटी थांबवणारी किंवा भीती कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. ती तपासणीनंतर, ठरवून दिलेल्या मात्रेतच द्यावीत आणि घरी असताना एकदा देऊन पाहावीत. माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. ताप उतरवणारी साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते.

दुसरी पायरी पिंजऱ्याची. प्राण्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल, एवढा तो मोठा हवा. निघण्याच्या सकाळी नवा कोरा पिंजरा आणून त्यात मांजराला कोंबले, तर ओरबाडे ठरलेले. त्याऐवजी तीन-चार आठवडे आधीपासून तो दिवाणखान्यात उघडा ठेवावा, आत रोजचे अंथरूण घालावे, खाणे तिथेच द्यावे. दार लावून पाच मिनिटे, मग पंधरा मिनिटे, मग मोटारीत ठेवून निगडी प्राधिकरणात एक फेरी, पुढच्या रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणे, अशा चढत्या क्रमाने सवय लागते. ज्या कुत्र्याला मोटार म्हणजे फक्त दवाखाना एवढेच ठाऊक आहे, त्याला मोटारीतून बागेत नेऊन हा समज मोडावा लागतो.

तिसरी पायरी कागदपत्रांची. लसीकरण पुस्तिका, तंदुरुस्तीचा दाखला, महापालिकेचा श्वान परवाना, प्राण्याची अलीकडची छायाचित्रे आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी हे सर्व एका पिशवीत ठेवावे. ट्रकमधील सामानात ते जाऊ देऊ नये. गळ्यातील पट्ट्यावरचा बिल्ला बदलण्याचे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यावर जुन्या घराचा पत्ता असेल आणि कुत्रा दावणगेऱ्याला हरवला, तर त्या पत्त्याचा काही उपयोग नाही. प्रवासात सुरू राहणारा मोबाइल क्रमांक त्यावर हवा. त्वचेखाली बसवण्याची मायक्रोचिप सांगून ठेवण्यासारखी आहे. पट्टा निसटला तरी ती ओळख कायम राहते.

कळपाच्या चालीने

जनावरांसह बिऱ्हाड हलवण्याची रीत या मुलखाला नवी नाही. देशावरील कोरड्या भागातील मेंढपाळ धनगर पावसाळा सरला, की कळप घेऊन घाट उतरतात आणि पुढच्या पावसाच्या सुमारास माघारी फिरतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, त्यावरच अशक्त कोकरे, मागेपुढे राखणीची कुत्री. त्यांच्या प्रवासात दिवसाचा टप्पा कळपाच्या चालीने ठरतो. पाणी आणि सावली जिथे, तिथे मुक्काम. मोटारीने निघालेल्या कुटुंबाने यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की वेळापत्रक सर्वांत अशक्त प्रवाशाच्या सोयीने आखावे.

श्रीपेरुंबुदूरचे बाराशे किलोमीटर दोन दिवसांत गाठता येतात. कुत्रा किंवा मांजर सोबत असेल, तर तीन दिवस धरावेत. पहिला मुक्काम बेळगाव, दुसरा तुमकूर आणि तिसऱ्या दिवशी होसूर, कृष्णगिरी, वेल्लोरमार्गे श्रीपेरुंबुदूर, असे साधारण चारशे किलोमीटरचे तीन टप्पे पडतात. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघून दुपारी बारा-एकच्या आत मुक्कामी पोचावे. उत्तरेकडे जाणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळायला हवे. मे महिन्यात राजस्थानात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. शक्य असल्यास मुले व प्राणी यांना जूनच्या अखेरीस नेणे अधिक सोयीचे. कंपन्यांकडे रुजू होण्याची तारीख बदलून मागणे अवघड असले, तरी कुटुंब मागाहून नेण्याची सवलत बहुधा मिळते.

दर दोन-तीन तासांनी थांबावे. थांबण्याआधी आणि दार उघडण्याआधी गळ्यात पट्टा व हातात साखळी आहे, याची खात्री करावी. सेवाभागात मोटार थांबताच दार उघडले जाते आणि घाबरलेला प्राणी ट्रकांच्या रांगांमधून पळत सुटतो. अनोळखी जागी हरवलेला प्राणी सापडणे महाकठीण. धावत्या मोटारीत कुत्र्याला पिंजऱ्यात किंवा छातीभोवतीच्या पट्ट्याने मागच्या आसनाला बांधलेले असावे. गळ्याच्या पट्ट्याला बांधू नये. अचानक ब्रेक लागल्यास मानेला इजा होते. चालकाच्या मांडीवर कुत्रा आणि खिडकीबाहेर त्याचे डोके, हे दृश्य छायाचित्रापुरते ठीक. डोळ्यांत धूळ-खडे जाणे ही त्यातील त्यात किरकोळ दुखापत.

घाटातील वळणांवर अनेक कुत्र्यांना, विशेषतः लहान वयात, मळमळते. लाळ गळणे, सतत ओठ चाटणे, जांभया, अस्वस्थ हुंदके ही त्याची आधीची लक्षणे. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाणे टाळावे, पाणी थोडे थोडे द्यावे, काच किंचित खाली ठेवावी. मुख्य जेवण मुक्कामी पोचल्यावर द्यावे. नेहमीचे खाणे आणि शक्य झाल्यास घरचे पाणी सोबत घ्यावे. ढाब्यावरील तेलकट, मसालेदार उष्टे दिल्यास पुढच्या टप्प्यात जुलाबांची तयारी ठेवावी लागते.

बंद मोटारीतील दहा मिनिटे

या संपूर्ण प्रवासात सर्वांत घातक ठरते ती उन्हात उभी केलेली बंद मोटार. 'फक्त चहा घेऊन येतो' म्हणून कुटुंब उतरते आणि कुत्रा आत राहतो. बाहेर पस्तीस अंश असताना काचा बंद असलेल्या मोटारीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते आणि पुढेही चढत राहते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धाप टाकून शरीर थंड ठेवतो. सभोवतालची हवाच तापली, की हा उपाय चालेनासा होतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. ते ४१ च्या पुढे गेले, की अवयव निकामी होऊ लागतात. पगसारख्या जातींमध्ये हा धोका दुप्पट जाणवतो. २००३ मधील 'हच'च्या जाहिरातीने पग घरोघरी पोचवला. पण चपटे नाक आणि आखूड श्वासमार्ग यांमुळे त्याला धाप टाकूनही पुरेशी हवा मिळत नाही, हे जाहिरातीत दिसत नव्हते.

जोराची धाप, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणारी चाल, उलटी ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी प्राण्याला ताबडतोब सावलीत घ्यावे, अंगावर साधे थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि अंग थंड करणे चालू ठेवूनच दवाखाना गाठावा. शुद्धीवर नसलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. उपाय अर्थात आधीच सोपा आहे : जेवायला दोन पाळ्यांत उतरावे. एकजण सतत प्राण्याजवळ असावा.

वाटेतील दवाखान्यांची यादी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. दक्षिणेच्या वाटेवर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गालगतच्या गावात आहे. बंगळूरला हेब्बाळ येथे, तर चेन्नईत वेपेरी येथे जुनी पशुवैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये आहेत. उत्तरेच्या वाटेवर गुजरातेत आणंदला असे महाविद्यालय आहे आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठातही पशुवैद्यकशास्त्राची शाखा आहे. अनेक राज्यांत १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून ही पथके मुख्यतः पशुधनासाठी असली, तरी जवळच्या दवाखान्याची माहिती तेथून मिळू शकते.

मुक्कामाच्या हॉटेलात प्राणी चालतो की नाही, हे दूरध्वनीवर विचारून नावानिशी नोंद करून घ्यावी. रात्री नऊ वाजता स्वागतकक्षातून नकार मिळाला, तर कुत्र्याची रात्र मोटारीत जाते, आणि कुटुंबाचीही.

मांजराचे गणित वेगळे

कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला. त्यामुळे बिऱ्हाड बदलण्याचा धक्का मांजराला अधिक बसतो. सामान बांधणारे लोक घरात शिरण्यापूर्वीच त्याला एका खोलीत बंद करून दारावर चिठ्ठी लावावी. खोके हलू लागले, की मांजर माळ्यावर किंवा सोसायटीच्या वाहनतळात दडी मारते आणि ट्रक निघण्याची वेळ झाली तरी सापडत नाही.

मोटारीत मांजराला कधीही मोकळे सोडू नये. ब्रेकच्या पायाखाली शिरलेले मांजर सर्वांचाच घात करू शकते. पिंजऱ्यावर पातळ सुती कापड टाकले, तर ते शांत राहते. हवा खेळती राहील एवढी काळजी घ्यावी. मुक्कामाच्या खोलीत दार-खिडक्या लावून, पलंगाखालच्या फटी पाहून मगच पिंजरा उघडावा. मातीचा ट्रे आणि घरातील ओळखीचे अंथरूण सोबत असावे. काही तास मांजर खात-पीत नाही, त्याची फार चिंता नको. पण दोन दिवस उलटूनही त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर यकृतावर परिणाम होऊ शकतो. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले, तर ती तातडीची वेळ समजावी.

पिंजऱ्यातील पोपट, काचेतील कासव

काही घरांत पिंजऱ्यात हिरवा पोपट किंवा काचेच्या टाकीत चांदणी कासव असते. हे दोन्ही भारतीय वन्यजीव आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणे हाच गुन्हा आहे. राज्याच्या सीमा ओलांडून नेणे दूरच. असा प्राणी घरात असल्यास तो परस्पर रानात न सोडता वन विभागाशी संपर्क साधणे योग्य. माणसाळलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. मकाव, आफ्रिकी करडा पोपट अशा काही परदेशी प्रजातींची नोंदणी केंद्र सरकारच्या २०२४ मधील नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. तिचे कागद प्रवासात जवळ ठेवावेत.

नव्या घरी

प्रवास संपला, तरी बिऱ्हाड लागलेले नसते. पहिले काही दिवस कुत्र्याला फिरवण्याच्या वेळा आणि खाण्याची वेळ जुन्याच ठेवाव्यात. दोन आठवडे तरी साखळीशिवाय बाहेर सोडू नये. वाट चुकलेला कुत्रा नव्या घराचा वास अजून ओळखत नसतो. मांजराला आधी एकच खोली, मग संपूर्ण घर अशी मोकळीक द्यावी आणि तीन आठवडे बाहेर जाऊ देऊ नये. चेन्नईच्या दमट हवेत कातडीचे विकार आणि डासांमुळे पसरणारे आजार, तर तराईतील पंतनगरला हिवाळ्यातील धुके व गारठा यांची तयारी ठेवावी लागते. पुण्याच्या समशीतोष्ण हवेची सवय झालेल्या प्राण्याला हा बदल जाणवतो.

नव्या महापालिकेचा परवानाही घ्यावा लागतो. पिंपरी-चिंचवडचा परवाना तेथे चालत नाही. सोसायटीच्या नियमांबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार सोसायटीला सभासदांना कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही आणि उद्वाहनाचा वापरही नाकारता येत नाही. स्वच्छता राखणे आणि इतरांना उपद्रव होऊ न देणे ही अर्थातच मालकाची जबाबदारी. भाडेकरूची अडचण निराळी : घरमालकाने करारात अट घातली, तर वाद घालण्यापेक्षा दुसरे घर पाहणे सोपे पडते. म्हणून घर ठरवतानाच प्राण्याचा उल्लेख लेखी करून घ्यावा.

नेणे शक्यच नसेल तर

सर्वच कुटुंबांना प्राणी सोबत नेता येत नाही. परदेशी बदली, कंपनीच्या वसतिगृहातील वास्तव्य, घरातील आजारपण अशी खरी कारणे असतात. अशा वेळी सहा आठवड्यांचा अवधी अधिकच मोलाचा ठरतो. नातेवाईक, प्राण्याला ओळखणारे शेजारी, नेहमीचा पशुवैद्यक यांच्यामार्फत नवे घर शोधता येते. नव्या कुटुंबाकडे आधी दोन-चार वेळा भेटी, मग एक-दोन रात्री मुक्काम, आणि जाताना पुस्तिका, अंथरूण, खाण्याच्या सवयींची टिपणे, असे हस्तांतर झाले तर प्राणी रुळतो. संस्थांच्या निवाऱ्यांवर आधीच भार असतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दूरध्वनी केल्यास तेथे जागा मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

'गावाबाहेर सोडला, कारखान्याच्या फाटकाशी खायला मिळेल' हा युक्तिवाद औद्योगिक पट्ट्यात हमखास ऐकू येतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला वाहनांची चाल कळत नाही, अन्न हुडकता येत नाही आणि त्या हद्दीतील टोळी त्याला शिरू देत नाही. तो बहुधा जुन्या घराच्या दिशेनेच निघतो. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर किंवा नाशिक महामार्गावर रात्रंदिवस अवजड कंटेनरची वर्दळ असते. अशा रस्त्यावर त्याची वाट किती अंतरावर संपेल, हे सांगायला नको. जो वाचतो, त्याचे निर्बीजीकरण झालेले नसेल तर भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नात भर पडते आणि त्याचा भार महापालिकेवर, पर्यायाने सर्वच नागरिकांवर येतो.

बदलीचा आदेश आला, की सामान नेणाऱ्या कंपनीला पहिला दूरध्वनी जातो. दुसरा पशुवैद्यकाला आणि तिसरा नव्या घरमालकाला गेला, तर पुढचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. सामान दोन दिवस उशिरा पोचले, तरी भरपाई मागता येते. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत तसा दावा कुणाकडे करता येत नाही. त्याचा हिशेब घरातल्या माणसांनाच आधी मांडावा लागतो.